मालवणला स्कूबा करायला जाताय? मग विहिरीत शिकलेली 'दम धरायची' सवय घरी ठेवून जा

२४ मे २०२२ ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली. स्कूबा डायव्हिंग करून ही मंडळी किनाऱ्याकडे परत येत होती. बोटीत वीसेक जण होते, त्यातल्या दोघांचा जीव गेला. तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात ही 'स्कूबाची दुर्घटना' म्हणून बसली आहे. खरं तर ती बोटीची दुर्घटना होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये आसामचे गायक झुबीन गर्ग यांचा सिंगापूरमध्ये मृत्यू झाला, तेव्हाही पहिल्या बातम्या स्कूबा डायव्हिंगच्याच होत्या. पुढे स्पष्ट झालं की ते स्कूबाला नाही, पोहायला समुद्रात उतरले होते.

म्हणजे स्कूबा हा शब्द आपल्याकडे बातमीत येतो, पण त्यातला खरा धोका काय हे बातमीत क्वचितच येतं. आपल्या डोक्यात शार्क असतो, नाहीतर 'ऑक्सिजन संपला तर?' हा प्रश्न. प्रत्यक्षात बोटीतून पाण्यात उतरल्यावर ज्या गोष्टीला घाबरायला हवं, ती अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. बॉईलचा नियम. तापमान तेच असेल तर वायूवरचा दाब वाढला की त्याचं आकारमान कमी होतं, दाब कमी झाला की आकारमान वाढतं. परीक्षेत दोन मार्कांना येतो आणि विसरला जातो.

तो विसरून पाण्यात उतरणं मात्र महागात पडू शकतं.

पालघरच्या समुद्रात स्कूबा का नाही?

कोळगाव, बोईसर, तारापूर या पट्ट्यातल्या वाचकांना हा प्रश्न पडला असेल. समुद्र तर दारातच आहे. पण सातपाटी, केळवे, डहाणूचं पाणी गाळाचं, गढूळ. त्यात आपलाच हात आपल्याला नीट दिसायचा नाही, मासे कुठून दिसणार? त्यामुळे डिसेंबरची सुट्टी लागली की ग्रुप ठरवतो मालवण. सहाशेच्या आसपास किलोमीटर, किल्ला, मासे, आणि पॅकेजमध्ये 'स्कूबा विथ व्हिडिओ'.

दाब समजून घ्यायला मात्र आपलाच समुद्र चांगला आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झालं, तेव्हा एक आकडा सगळ्यांनी ऐकला असेल : तिथे सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, म्हणून मोठी जहाजं लागू शकतील. जहाजासाठी २० मीटर म्हणजे सोय. माणसाच्या फुप्फुसांसाठी २० मीटर म्हणजे तिप्पट दाब. तो कसा, ते बघू.

ग्राफपेपरवरचा एक सेंटीमीटर बाय एक सेंटीमीटरचा चौकोन डोळ्यांसमोर आणा. त्या एवढ्याशा चौकोनावर थेट आकाशापर्यंत हवेचा जो खांब उभा आहे, त्याचं वजन साधारण एक किलो भरतं. जन्मापासून आपण ते झेलतोय, म्हणून जाणवत नाही. आता त्याच चौकोनावर १० मीटर उंच पाण्याचा खांब उभा करा. त्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं, म्हणजे पुन्हा एक किलो. याचा अर्थ, जेमतेम तीन मजल्यांइतकं खाली गेलात की अख्ख्या वातावरणाइतकं ओझं नव्याने अंगावर येतं. १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट.

आपलं शरीर बहुतांशी पाण्याचं, आणि पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे हातापायांना काही होत नाही. प्रश्न आहे तो जिथे हवा आहे तिथे. फुप्फुसं, कान, नाकामागच्या पोकळ्या, आणि अंगावरचं जॅकेट.

वरचे दहा मीटर

किनाऱ्यावर एक फुगा फुगवला, त्यात ६ लिटर हवा आहे. तो घेऊन खाली गेलो. १० मीटरवर तो ३ लिटरचा होईल. २० मीटरवर २ लिटर, ३० मीटरवर दीड.

आता हाच हिशोब उलटा, खालून वर येताना बघा. ३० वरून २० मीटरवर आलो तर फुगा दीडाचा दोन झाला, वाढ तिसऱ्या हिश्श्याची. २० वरून १० वर आलो, दोनाचे तीन, वाढ निम्म्याची. आणि १० मीटरवरून पृष्ठभागावर आलो तर तिनाचे सहा. सरळ दुप्पट.

अंतर प्रत्येक वेळी सारखंच, दहा मीटर. पण हवा सगळ्यात जास्त फुगते ती अगदी वरच्या टप्प्यात. 'जास्त खोल नाही हो, पाच-सहा मीटरच आहे' हे वाक्य मालवणात धीर द्यायला वापरलं जातं. बुडण्याची भीती घालवायला ते ठीक आहे. दाबाच्या हिशोबाने मात्र नवखा पर्यटक नेमका त्याच थरात असतो जिथे हवेचं आकारमान सर्वांत झपाट्याने बदलतं.

हे घरी बघायचं असेल तर मेडिकलमधून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज आणा. दट्ट्या ५ वर ठेवा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. सुरुवातीला सहज जातो, पुढे हट्टाला पेटतो. आता ५ वरून १० पर्यंत ओढा आणि तोंडावरच्या बोटाला काय जाणवतं ते बघा. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात एवढं केलं आणि वर 'हीच सिरिंज म्हणजे तुमची छाती' असं सांगितलं, तर मुलं हा नियम जन्मात विसरणार नाहीत. दुर्दैवाने आपल्याकडे तो पाऱ्याच्या नळीच्या आकृतीतच अडकून राहतो.

विहिरीत जे चालतं ते इथे का चालत नाही?

गावाकडे पोहायला शिकलेला प्रत्येकजण एक गोष्ट आपोआप शिकतो. पाण्याखाली जायचं तर दम धरायचा. विहिरीत सूर मारला, तळाची माती मुठीत घेतली, वर आलो. कुणाची फुप्फुसं फुटली नाहीत.

कारण ती हवा वरची होती. काठावर ५ लिटर हवा छातीत भरून सूर मारला, खाली ती आक्रसली, वर येताना फुगली आणि पुन्हा ५ लिटर झाली. जितकी नेली तितकीच आणली.

स्कूबात हा हिशोब बदलतो. तोंडातला रेग्युलेटर टाकीतली हवा आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाने देतो. तसं केलं नाही तर श्वासच घेता येणार नाही, कारण एक मीटर खोलीवरही छातीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर शंभर ग्रॅमचं जास्तीचं ओझं असतं. (सिनेमात हिरो तळ्याच्या तळाशी बांबूच्या नळीने श्वास घेत तासभर लपतो ना, ते फक्त सिनेमात.) म्हणजे १० मीटरवर तुम्ही छाती भरून श्वास घेतलात, तर मावली ५ लिटरच, पण दुप्पट दाबाची. वरच्या हिशोबाने ती १० लिटर आहे.

आता घाबरलात. मास्कमध्ये पाणी शिरलं, काही दिसेना, आणि विहिरीतली सवय जागी झाली. दम धरला आणि हातपाय मारत वर निघालात. छातीतली हवा फुगायला लागली, पण बाहेर जायची वाट तुम्हीच बंद केली आहे. ५ लिटरच्या जागेत १० लिटर मावत नाही.

फुप्फुसातले वायुकोश अतिशय नाजूक असतात. ते फाटायला १० मीटरही लागत नाहीत. पूर्ण भरलेली छाती आणि धरलेला दम असेल, तर साधारण सव्वा मीटर वर येणंही इजा व्हायला पुरेसं ठरू शकतं. सव्वा मीटर म्हणजे लहान मुलांच्या स्विमिंग टँकची खोली. आणि गंमत अशी की, खरं तर गंमत नाहीच, छाती ताणली जातेय याची वेदना आधी जाणवेलच असं नाही.

फाटलेल्या जागेतून हवा कुठेही जाऊ शकते. फुप्फुसाभोवती साठली तर फुप्फुस दबतं. मानेच्या त्वचेखाली गेली तर आवाज बदलतो. सर्वांत वाईट म्हणजे रक्तात शिरली, तर बुडबुडे थेट मेंदूपर्यंत पोहोचतात आणि वर आल्यावर काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध पडू शकतो. बघणाऱ्यांना वाटतं, बुडाला.

म्हणून जगभर स्कूबाचा पहिला धडा एकच असतो : श्वास कधीही धरू नका. घेत राहा, सोडत राहा. रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी वर येताना बारीक 'आऽऽ' करत हवा सोडत राहा. रीलसाठी अंगठा दाखवून पोज देताना माणूस नकळत श्वास धरतो, तेव्हाही.

यात जॅकेट आणखी भर घालतं. पाण्यात तरंगत राहण्यासाठी अंगातल्या जॅकेटमध्ये थोडी हवा भरतात. वर यायला लागलं की ती फुगते, फुगली की माणूस हलका होतो, हलका झाला की आणखी वेगाने वर येतो, त्याने हवा आणखी फुगते. वेळेवर हवा सोडली नाही तर शेवटचे काही मीटर बुचासारखं वर फेकलं जायला होतं. मालवणच्या नवख्यांच्या डाईव्हमध्ये प्रशिक्षक तुमच्या टाकीला धरून असतो आणि हे सगळं तोच सांभाळतो. त्याच्या हातून सुटून वर पळायचं नाही, ते याचसाठी.

टाकीत ऑक्सिजन नसतो

२०२१ च्या कोरोना लाटेनंतर सिलिंडर दिसला की आपण त्याला ऑक्सिजन म्हणतो. बातम्यांतही सर्रास 'पाठीला ऑक्सिजन सिलिंडर बांधून' असं लिहिलं जातं. पर्यटकांच्या टाकीत असते ती गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली साधी हवा. शुद्ध ऑक्सिजन भरला तर साधारण सहा मीटरच्या खाली तोच विषासारखा वागायला लागतो आणि झटके येऊ शकतात.

नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीची आतली जागा असते ११ लिटर. पाण्याच्या कळशीएवढी. त्यात २०० पट दाबाने हवा भरली की झाली २२०० लिटर. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको, सिलिंडर आडवा का पाडायचा नाही आणि उन्हात का ठेवायचा नाही हे त्यांना पाठ असतं.

ही हवा पुरते किती? शांतपणे श्वास घेणाऱ्याला मिनिटाला २० लिटर धरा. काठावर बसून ११० मिनिटं पुरेल. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा लागते, म्हणून ५५. २० मीटरवर ३६ च्या आसपास. यातला पाव भाग राखीव ठेवायचा असतो, आणि घाबरलेला माणूस दुप्पट वेगाने श्वास घेतो. टाकी तीच, बॉईल तोच.

कान दुखला तर?

एक्स्प्रेस वेवरून खंडाळ्याला चढताना कानात दडे बसतात, आपण आवंढा गिळतो, 'टक' होऊन कान मोकळे होतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर चढलो, त्यात दाब बदलला साधारण सात टक्के. पाण्यात तेवढाच बदल व्हायला किती खाली जावं लागतं? सत्तर सेंटीमीटर. कमरेइतक्या पाण्यात डोकं बुडवलंत की अख्खा बोरघाट झाला.

म्हणून कान हे पहिलं दुखणं. खाली जाताना कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. उपाय म्हणजे नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि ते दुखायच्या आधी, प्रत्येक मीटरला करायचं. दुखायला लागल्यावर जोर लावून फुंकणं चूक. थोडं वर या, पुन्हा प्रयत्न करा, नाही जमलं तर डाईव्ह सोडून द्या. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. अडीच हजार भरलेत म्हणून किंवा ग्रुप हसेल म्हणून दुखता कान घेऊन खाली जाणाऱ्याचा पडदा फाटू शकतो, आणि पडदा फाटून थंड पाणी आत गेलं की पाण्याखालीच भोवळ येते.

गोटी सोडा आणि आंबोली घाट

आत्तापर्यंतचं सगळं पाच-सात मीटरला लागू होतं. खोली आणि वेळ वाढली की दुसरा धोका सुरू होतो, आणि सिंधुदुर्गात तो आता महत्त्वाचा ठरणार आहे. २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही नौका निवतीजवळ समुद्राच्या तळाशी ठेवायची आणि तिच्याभोवती पाण्याखालचं पर्यटन उभं करायचं, असा सरकारी प्रकल्प आहे. तिथे खोली वीसेक मीटरच्या घरातली. किल्ल्याजवळच्या पंधरा मिनिटांच्या डाईव्हपेक्षा हा खेळ वेगळा.

गोटी सोड्याची बाटली बंद असते तेव्हा आत बुडबुडा दिसत नाही. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि फसफस वर येते. वायू आधीपासून पाण्यात होताच, दाबाने विरघळून बसला होता. आपल्या रक्तात आणि चरबीत नायट्रोजन तसाच विरघळतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो, घाईने आलं तर अंगातच सोडा फुटतो. सांधे दुखतात, मुंग्या येतात, पायातली ताकद जाते.

हे पहिल्यांदा कुणी पाहिलं? खुद्द रॉबर्ट बॉईलने. १६६२ मध्ये त्याने दाब आणि आकारमानाचा नियम मांडला, आणि १६७० मध्ये निर्वात पात्रात ठेवलेल्या एका सापाच्या डोळ्यात त्याला बुडबुडा हलताना दिसला. त्यावर उपाय सापडायला मात्र १९०८ उजाडलं. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली कोष्टकं काढली. त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन स्वतःच दाबाच्या खोलीत बसून प्रयोग करायचा. तो पुढे भारतात आला आणि इथलाच नागरिक झाला.

आजचा साधा नियम : मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

पण नायट्रोजन बोटीत बसल्यावरही अंगात असतो, आणि आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. डायव्हर्सच्या आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात की एका साध्या डाईव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाईव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. ही सूचना साधारण ६०० मीटर उंचीपासून लागू धरतात. विमानाच्या केबिनमधला दाब २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी असू शकतो. चिपीचं किंवा मोपाचं संध्याकाळचं विमान पकडणाऱ्यांनी हा हिशोब करावा. आणि कोल्हापूर, बेळगावकडे गाडीने परतणाऱ्यांनीही, कारण आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. सकाळी डाईव्ह, दुपारी सुरमई थाळी, संध्याकाळी घाट, असा कार्यक्रम सगळेच आखतात. उथळ पाण्यातल्या पंधरा मिनिटांच्या डाईव्हनंतर नायट्रोजन फार साठत नाही, तरी एक रात्र मालवणात काढली तर बिघडत काही नाही. वीस मीटरवर दोन डाईव्ह केलेल्याने मात्र घाट चढूच नये. कोकण रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने घरी येणाऱ्या पालघरकरांना या बाबतीत फारशी काळजी नाही.

बोटीत बसण्याआधी काय विचारायचं?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. ती आहे का, हे विचारा. तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे शिकलेले डायव्हर तिथे आहेतच. तुमच्यासोबत पाण्यात उतरणारा माणूस त्यातला आहे का, एका वेळी तो किती जणांना सांभाळणार, बोटीवर प्राथमिक उपचाराचा ऑक्सिजन आहे का, हेही विचारा. दमा, फुप्फुसाचं जुनं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर फॉर्मवर लपवू नका.

आणि माझ्या मते सर्वांत चांगली परीक्षा ही : उतरण्याआधीच्या सूचनांमध्ये 'श्वास धरू नका' हे वाक्य त्यांनी स्वतःहून सांगितलं का? हातांच्या खुणा आणि व्हिडिओ कुठे बघायचा एवढंच सांगून टाकी चढवत असतील, तर दुसरी बोट शोधा.

डाईव्हनंतर पहिल्या २४ तासांत छातीत दुखलं, बोलताना अडखळायला झालं, मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा सांधे विनाकारण ठणकायला लागले, तर 'दगदग झाली असेल' म्हणून झोपू नका. आडवं व्हा, मिळत असेल तर ऑक्सिजन घ्या आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा : मी टाकी लावून पाण्याखाली गेलो होतो. ते कळलं नाही तर हा त्रास ॲसिडिटी किंवा ऊन लागण्यात खपून जातो. यावरचा नेमका उपचार म्हणजे दाबाच्या बंद खोलीत ठेवून पुन्हा दाब वाढवणं आणि तो तासन्‌तास सावकाश उतरवणं. अशा खोल्या मोजक्याच ठिकाणी आहेत. मुंबईत नौदलाच्या कुलाब्यातल्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयाच्या परिसरात ही सोय आहे, मालवणपासून साधारण ५०० किलोमीटरवर.